मानाचं कपाट

लग्नाला आल्या की आमच्या बाई आधी नवरानवरीकडे बघत नसत, मांडवाच्या वायरिंगकडे बघत. मग बाहेर पडायची वाट कुठली ते हेरून त्या वाटेच्या तोंडाशीच खुर्ची टाकून बसत. अक्षताही तिथूनच टाकायच्या. माझ्या पुतणीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं. मला वाटलं, आहेराचं काही असेल. तर म्हणाल्या, "मास्तर, तो हॅलोजन पडद्याला चिकटलाय बघा की. आधी तो सरकवा, मग म्हणू दे त्यांना सावधान." मी जाऊन सरकवला. पडदा एका बाजूनं तपकिरी व्हायला लागला होता हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं.

बाई आमच्या वाचनालयाच्या ग्रंथपाल. आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, खाडीच्या काठावरचं. पुढे खाडी, मागे डोंगर आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत बाजारपेठ, देऊळ, मशीद, मोहल्ला, वाड्या असं सगळं एकमेकांना कोपर लावून बसलेलं. वाचनालय अगदी पाण्याच्या बाजूला, कारण ती जागा फुकट मिळाली होती. बाई मूळच्या कोल्हापूरच्या. नोकरीसाठी आल्या, लग्न केलं नाही, बाजारपेठेच्या मागे एक खोली घेऊन राहिल्या. आमचे मासे त्यांना आवडायला लागले, आमचं बोलणं कळायला लागलं, केस पांढरे झाले, तरी गावाच्या लेखी बाई घाटावरच्या त्या घाटावरच्याच.

मी वाचनालयाचा कार्यवाह. कसा झालो, तर वार्षिक सभेला उशिरा पोचलो. आमच्याकडे जो हजर नसतो त्याला एकमतानं निवडून देतात. शाळेतली नोकरी सांभाळून चार पुस्तकं वाचावीत एवढाच माझा विचार होता, पण बाईंच्या तावडीत सापडलेल्या माणसाला वाचायला वेळ मिळत नसे. तो सारखा काहीतरी उचलून इकडचं तिकडे ठेवत असे.

"कागदाला शत्रू तीन," बाई म्हणायच्या. "पाणी, वाळवी आणि कार्यकारिणी. पहिल्या दोघांवर औषध आहे."

हे त्या कार्यकारिणीच्या सभेतच म्हणायच्या. अध्यक्ष हसायचे, कारण ते त्यांना विनोद समजायचे.

बाई पहिल्यापासून अशा होत्या की नाही, कोण जाणे. लोक म्हणतात की त्यांना एकदा पुण्याला शिबिराला पाठवलं तिथून हे सुरू झालं. ग्रंथालयांवरच्या आपत्ती, असा काहीतरी विषय होता. बाकीचे ग्रंथपाल तिथून पिशवी आणि प्रमाणपत्र घेऊन आले. बाई श्रद्धा घेऊन आल्या. आल्या त्या आठवड्यात त्यांनी रद्दीतली जुनी गाईडं टबात बुडवून ठेवली. मी विचारलं, "हे काय?" तर म्हणाल्या, "पेशंट." मग ती गाईडं त्यांनी दोरीवर चिमटे लावून वाळत घातली, काही पंख्याखाली उभी केली, काही कोऱ्या कागदात गुंडाळली, आणि कुठलं कसं वाळतंय ते पुढचा महिनाभर हुंगून हुंगून बघत राहिल्या. वाचनालयात येणाऱ्या लोकांना वाटलं, बाईंना दहावीला बसायचंय.

वाचनालयात चहा बंद होता. छत्री आत आणायला बंदी होती. छत्र्या बाहेर ओट्यावर टांगायच्या, आणि तिथून त्या हटकून पळवल्या जायच्या. कुणी तक्रार घेऊन आलं की बाई म्हणत, "छत्री काय, दुसरी मिळते." ह्या एका कसोटीवर त्यांनी जगातल्या सगळ्या वस्तूंची वाटणी करून टाकली होती. दुसरी मिळते, आणि दुसरी मिळत नाही. कादंबऱ्या दुसऱ्या मिळतात. शब्दकोश मिळतात. अध्यक्षांनी स्वखर्चानं छापलेला कवितासंग्रह तर मिळतोच मिळतो, कारण त्याचे गठ्ठे त्यांच्या माडीवर होते. एकदा अध्यक्षांनीच विचारलं, "समजा पूर आलाच, तर आधी काय वाचवाल?" प्रश्नातला रोख सगळ्यांना कळला. बाईंनी त्यांचं पुस्तक शेवटच्या फेरीत ठेवल्याचं शांतपणे सांगितलं. त्यानंतर दोन सभा अध्यक्ष खिडकीकडे बघून बोलत होते.

दुसरं न मिळणारं असं वाचनालयात एकच होतं. आमच्या गावातून पूर्वी एक साप्ताहिक निघत असे. काढणारा गेला, छापखाना मोडीत गेला, राहिल्या त्या वाचनालयातल्या बांधीव फायली. त्यांत कुणाचं गलबत कुठे फुटलं ते होतं, आफ्रिकेला गेलेल्या कुणाचं पत्र आलं ते होतं, भाताचे भाव होते, जन्म, मरणं, फिर्यादी, आणि कुणाच्या म्हशीनं कुणाची वांगी खाल्ली ते होतं. आमच्या गावाबद्दल जगात दुसऱ्या कुणी कधी फारसं लिहिलेलं नाही. ह्या फायलींची दुसरी प्रत कुठेही नाही. पानं इतकी ठिसूळ की मोबाईलवर फोटो काढायला फाईल पसरायची सोय नव्हती. नीट स्कॅन करून घ्याव्यात असा बाईंचा अर्ज कार्यकारिणीनं तत्त्वतः मंजूर केला होता. तत्त्वतः मंजूर झालेलं काम आमच्याकडे कुणी रद्दही करत नाही आणि करतही नाही.

बाईंनी त्या फायलींसाठी एक बुटकं सागवानी कपाट मिळवलं, जांभ्याच्या चिऱ्यांवर चढवलं आणि सुताराकडून त्याच्या दोन्ही बाजूंना कड्या ठोकून घेतल्या. वेळ आली तर कड्यांतून दोन दांडे घालायचे, चौघांनी खांदा द्यायचा आणि फायलींना हात न लावता कपाटच्या कपाट वरच्या शाळेत न्यायचं. शाळा डोंगराच्या अंगाला. तिथवर चढायला चिऱ्यांच्या पायऱ्यांची वाट, म्हणजे आमची पाखाडी. बाकीच्या कपाटांसाठी त्यांनी जुन्या चादरींची बासनं शिवून ठेवली. पुस्तकं भरा, गाठ मारा, डोक्यावर घ्या, चढा. बेत उत्तम होता. माणसं तेवढी नव्हती.

पहिली तालीम त्यांनी एका मे महिन्यात ठेवली. सगळ्या सभासदांना निरोप गेला. आलो मी आणि बाजारातला एक कुत्रा, आणि कुत्रा लवकर गेला. पुढच्या वर्षी बाईंनी वड्यांचं आमिष लावलं. माणसं भरपूर आली, वडे खाल्ले, 'बाय, झ्याक झाले' म्हणाली आणि गेली. बाई रिकाम्या पराती घासत होत्या तेव्हा मी समजूत घालायला म्हटलं, "आपल्याकडे पूर येऊन जमाना झाला, लोकांना पटत नाही." बाई म्हणाल्या, "मास्तर, जमाना झाला म्हणजे जवळ आला."

मग शिमगा आला. आमच्या ग्रामदेवतेची पालखी शिमग्यात घरोघर फिरते. तिचा पुढचा दांडा कुणाचा, मागचा कुणाचा, कुठल्या वाडीच्या हद्दीत कुणी खांदा द्यायचा, हे मान ठरलेले असतात आणि ते कुणी सोडत नाही. त्यासाठी माणसं मुंबईहून रजा काढून येतात. रजा नाही मिळाली तर नोकरी सोडून येतात. बाई माझ्या ओट्यावर उभ्या राहून बघत होत्या. पालखीखाली दोन घरांची जुंपली होती. उन्हानं सगळे लालबुंद झालेले, आणि दोघंही ओरडत होते की ओझं मला द्या.

"काय ओ हे?" बाई म्हणाल्या. "ओझ्यासाठी भांडतात?"

"ओझं नाही बाई, मान आहे तो."

पालखी पुढे गेली, गुलाल खाली बसला, तरी बाई तिथेच उभ्या होत्या. मला तेव्हाच ओळखायला हवं होतं.

त्या मे महिन्यात तालमीचं निमंत्रण गेलंच नाही. फक्त गावात कानोकानी झालं की बाई वाचनालयातल्या कपाटांचे मान वाटताहेत, आणि थोडेच आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालयाच्या ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. खालच्या वाडीचं नमन-खेळ्यांचं मंडळ नाटकांचं कपाट मागायला आलं. "आमी सोंगा काडनारी मानसा, आमास्नी नाटकाच पायजेत." मोहल्ल्यातल्या निम्म्या घरांतून कुणी ना कुणी आखातात किंवा बोटीवर, तेव्हा प्रवासवर्णनं त्यांची. दोन भावकींत रहस्यकथांवरून हातघाई झाली आणि बाईंना ते कपाट मधोमध वाटून द्यावं लागलं. आयुष्यात पुस्तक न उघडलेली माणसं आपल्या कपाटावरची धूळ बघून बाईंना जाब विचारायला लागली. कवितांचा मान मात्र कुणी घेईना. शेवटी तो अध्यक्षांकडे गेला.

आणि साप्ताहिकाचं सागवानी कपाट? ते दांडे घालून खांद्यावरून जायचं, म्हणजे जवळजवळ पालखीच. तो पहिला मान. पालखीचा पहिला खांदा ज्यांचा, त्या तांब्यांकडेच तो जाणार ह्यात कुणाचं दुमत नव्हतं. तांब्यांचे सगळे मुलगे मुंबईत. गावच्या घरात एकटे तांबेआबा, ऐंशीच्या पुढचे, पाठीत वाकलेले, पण टोपी घातल्याशिवाय उंबऱ्याबाहेर न पडणारे. त्या वर्षीच्या तालमीला तांब्यांचे चारही मुलगे मुंबईहून आले, त्यांनी कपाट झोकात पाखाडीवरून वर नेलं, पुढे ढोल वाजवला, गुलाल उधळला. गुलाल बघून बाईंनी डोक्याला हात लावला आणि घड्याळ बघितलं. कपाट वेळेत पोचलं होतं.

पुढची तीन-चार वर्षं हे असंच चाललं. गावाला एक सणच वाढवून मिळाला. बाईंइतकी समाधानी बाई मी तेव्हा पाहिली नाही.

मग पूर आला.

आषाढातली सकाळ होती. तीन दिवस पाऊस हटला नव्हता, खाडीला मिळणारी नदी भरून वाहत होती आणि दुपारची भरती उधाणाची होती. बाई गमबूट घालून, साडी वर खोचून, आठ वाजताच वाचनालयात हजर होत्या. त्यांनी नमनवाल्यांना ढोल वाजवायला सांगितला. आणि काय सांगू, ढोल ऐकून सगळं गाव उतरलं. ज्यांच्या स्वतःच्या दुकानांत पाणी शिरत होतं तेही आले. मोहल्ल्यातून प्रवासवर्णनांची माणसं आली, नाटकांची आली, रहस्यकथांच्या दोन्ही भावक्या एकमेकांकडे न बघता आल्या. बासनं भरली, गाठी पडल्या, पाखाडीवर मुंग्यांसारखी रांग लागली. अध्यक्ष कविता डोक्यावर घेऊन धापा टाकत चढत होते. चार पायऱ्या चढले की थांबत, बासन खाली न ठेवता दम खात, आणि पुढे जात. त्या दिवसापासून मी त्यांच्याबद्दल वाईट बोलायचं कमी केलं आहे.

पाणी पोटरीला लागेपर्यंत वाचनालय रिकामं झालं. राहिलं एकच कपाट. सागवानी. साप्ताहिकाचं.

"चला, दांडे घाला!" बाई ओरडल्या.

कुणी हललं नाही. धडधाकट पंधरा-वीस बाप्ये पाण्यात उभे, आणि सगळे कपाटाकडे बघत होते.

"अरे बघताय काय? उचला की!"

नमन मंडळाचा म्होरक्या घसा साफ करून म्हणाला, "बाय, मान तांब्यांचा हाय. आमी कसा हात लावनार?"

"तांबे मुंबईत आहेत!"

"म्हनून तर."

बाईंनी विनवलं, धमकावलं, कोल्हापुरी शब्द काढले. कुणाला राग आला नाही. सगळे हळहळत होते. "फायली भिजतील ओ," असं एकमेकांना सांगत होते. पण तांब्यांच्या मानाला हात लावून पुढच्या शिमग्यात तोंड कुठे दाखवायचं, हा प्रश्न प्रत्येकाच्या कपाळावर दिसत होता. मी पुढे झालो, तर माझाच सख्खा चुलतभाऊ मला दंडाला धरून मागे ओढत म्हणाला, "मास्तर, तू शिकलेला हायस. आपल्या घराला वाळीत टाकशील."

बाईंनी थोरल्या तांब्याला मुंबईला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "तांबे, पाणी कपाटाला लागायला आलंय. एवढं एक डाव दुसऱ्यांना उचलू द्या. सांगा ह्यांना."

पलीकडून जराही न थांबता उत्तर आलं. "तुमी काळजी नका करू बाई. आमी निघतोच."

"महामार्ग बंद आहे! संगमेश्वरला पाणी भरलंय!"

"मग त्याच्या अलीकडे, सावर्ड्यापर्यंत तर येतो."

बाईंनी फोन बंद केला. त्यांचा चेहरा असा झाला की मला त्यांच्याकडे बघवेना. इतकी वर्षं त्यांनी पाण्याचा विचार केला, विजेचा केला, दोऱ्यांच्या गाठींचाही केला. मान वाटून माणसं गोळा करता येतात हे त्यांनी ओळखलं होतं. मानकरी गावात नसेल तर तोच मान दाराला कुलूप घालतो, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. पालखीच्या दिवशी मुंबई गावात असते. पूर मुंबईला विचारून येत नाही.

"आबांना आणा," कुणीतरी म्हणालं, "त्यांचा हात लागला म्हंजे झाला."

चौघं धावले. बराच वेळ कुणी येईना, कारण आबांची टोपी सापडत नव्हती आणि मानाच्या कामाला ते बोडक्यानं यायला तयार नव्हते. पाणी चिऱ्यांच्या वर आलं. शेवटी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेले आबा चौघांच्या खांद्यांवरून वाचनालयात शिरले. टोपी सरळ, सदऱ्याची गुंडी लावलेली. कपाटाजवळ आल्यावर म्हणाले, "नारल कुटं हाय?"

"आबा, नारळ नंतर!" बाई किंचाळल्या.

"नारलाबिगर?" आबांना खरंच आश्चर्य वाटलं होतं.

बाजारातल्या भुसाऱ्याच्या दुकानात पाणी शिरून माल बाहेर पडला होता. दारातून एक नारळ तरंगत आत येत होता. मोहल्ल्यातले हसनभाई, जेटीवर उंच जोत्यावर बांधलेल्या मासळीच्या कोल्ड स्टोरेजचे मालक, प्रवासवर्णनं वर पोचवून परत आले होते. त्यांनी तो नारळ उचलला, लुंगीला पुसला आणि आबांच्या हातात दिला. आबांनी गाऱ्हाणं सुरू केलं. देवाला घातलेलं गाऱ्हाणं लांबलचक असतं. गावाच्या चारी सीमांवरचे देव एकेक करून बोलवायचे, आणि दर वाक्याला बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. पाणी कपाटाच्या खालच्या फळीत शिरताना स्पष्ट दिसत होतं. आबा तेवढ्यात उत्तरेच्या सीमेपर्यंत आले होते. बाईंनी दोन्ही हात जोडले आणि अख्खं गाव दचकेल अशा आवाजात ओरडल्या, "व्हय म्हाराजा! व्हय म्हाराजा! उचला आता!"

आबांनी कपाटाला हात लावला. लागल्याबरोबर पंधरा-वीस खांदे एकदम खाली गेले. कपाट फुलासारखं उचललं गेलं आणि पाखाडीवरून जवळजवळ पळत वर पोचलं.

शाळेत बाईंनी दार उघडलं. वरच्या फळ्या कोरड्या होत्या. खालची फळी गेली होती. फायली फुगून एकमेकींना चिकटल्या होत्या, पुठ्ठ्यांतून पाणी गळत होतं. बाई गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी एकाही फायलीला हात लावला नाही. मला रडू आलं, हे सरळच सांगतो.

मग त्या उठल्या आणि म्हणाल्या, "हसनभाई, तुमच्याकडे जागा आहे का?"

"कुठे बाई?"

"बर्फात."

ओल्या कागदाला दोन दिवसांत बुरशी धरते. गोठवून ठेवला तर तो आहे तसा राहतो, आणि पुढे सवडीनं एकेक करून वाळवता येतो, हे बाई पुण्याहून शिकून आल्या होत्या. आम्हांला ते वेड वाटलं. हसनभाईंना तर अधिकच वाटलं. "काय बोलताव बाई? कोलंबी बाहेर काढून पेपर ठेवू? बाहेरगावी जायचा माल हाय तो."

"कोलंबी दुसरी मिळते," बाई म्हणाल्या.

हसनभाईंनी आकाशाकडे बघितलं, खाडीकडे बघितलं, मग त्या फुगलेल्या फायलींकडे बघितलं. "आमच्या आजोबांची बोट बुडालेली ती ह्यात लिवलीय का?"

"ह्याच फळीत आहे."

मासळीचे क्रेट आले. प्रत्येक फाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पाणी ओसरल्यावर बाई स्वतः जेटीवर घेऊन गेल्या. सुरमईच्या शेजारी साप्ताहिकाची रांग लागली. गावची वीज गेली होती, तरी हसनभाईंनी जनरेटर चालू ठेवला आणि डिझेल कुठून आणलं ते कुणाला सांगितलं नाही. फक्त क्रेटवर पट्टी चिकटवताना त्यांनी बाईंना गंभीरपणे विचारलं, "एक्स्पायरी काय घालू?"

त्यानंतरचे कित्येक महिने शाळेच्या सभागृहात रविवारी पंखे लावून गाव फायली वाळवत बसायचं. एक फाईल बर्फातून काढायची, हळूहळू सैल होऊ द्यायची, पानापानांत कोरा कागद सरकवायचा. काम पुढे सरकत नसे, कारण लोक वाचत बसत. हसनभाईंना आजोबांची बोट सापडली. एका पानावर कुणाच्या आजोबांनी कुणाच्या आजोबांचे फणस चोरल्याची बातमी निघाली आणि दोन नातवांनी आपसांत बोलणं टाकलं. थोडी पानं गेली ती गेलीच. त्यांचा लगदा बाईंनी टाकायला मला सांगितला आणि स्वतः बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. वाचलेल्या फायलींना अजून सुरमईचा वास येतो, त्यामुळे वाचनालयाला दोन मांजरं कायमची लाभली आहेत. स्कॅनिंग अजून तत्त्वतः मंजूर आहे.

बाईंची निवृत्ती जवळ आली. कोल्हापूरला भावाकडे जायचं ठरलं होतं, सामान बांधून झालं होतं. पण एक काम त्यांच्या मनाला टोचत होतं. त्या वर्षीच्या गणपतीत, सगळे मुलगे घरी आहेत असं बघून, मला घेऊन त्या तांब्यांकडे गेल्या.

"आबा, तुमच्या मानाला गावात राहणारा दुसरा कुणीतरी जोडीदार नेमा," बाई म्हणाल्या. "पुन्हा असं झालं तर सगळंच जाईल."

थोरला ताडकन म्हणाला, "मान वाटला जात नाय बाई. पिढ्यान्‌पिढ्यांचा मान हाय."

आबांनी पान कुटून तोंडात टाकलं. मग त्यांनी विचारलं, "बाय, तुजा मान कंचा?"

"माझा?" बाई हसल्या. "माझा कसला? मी घाटावरची."

"गावाला सगला मान तू वाटलास. तुला काय ठेवलास?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं.

"मंग माजा घे," आबा म्हणाले.

मुलगे एकदम उठले. "आबा, पिढ्यान्‌पिढ्या..."

"कंच्या पिढ्या?" आबा डाफरले. "कपाटाचा मान हिनंच दिलेला, पाच वर्सांमागं. पालकी तुमची. कपाट बायचा. मी हाय तवर मी सांगन तसा."

बाई उठल्या आणि गणपतीच्या आरासीजवळ गेल्या. तिथल्या दिव्यांच्या माळेचा प्लग नीट बसलाय की नाही ते बघायला त्या वाकल्या, आणि बघतच राहिल्या. प्लग नीट होता. मला दिसत होता.

महिन्याभरात त्या कोल्हापूरला गेल्या. मला फार चुकल्याचुकल्यासारखं झालं. लग्नाला गेलो की मीच आता वायरिंगकडे बघतो. पण मान असला की यावं लागतं, हे बाईंना आता गावाइतकंच कळतं. दर मे महिन्यात तालमीच्या दिवशी त्या सकाळच्या एसटीनं आंबा घाट उतरून येतात, कपाटाला हात लावतात, मग कपाट हलतं.

यंदा एसटी वाटेत बंद पडली. आम्ही सगळी कपाटं वर नेली, आणि सागवानी कपाटाभोवती घामेजून उभे राहिलो. ऊन चढत होतं. तांब्यांचे मुलगे दांडे घालून तयार होते. नवा ग्रंथपाल, चांगला शिकलेला मुलगा, तिसऱ्यांदा म्हणाला, "अहो, तालीमच आहे ही. लावा की हात." सगळ्यांनी त्याच्याकडे कीव करून बघितलं. शेवटी मी बाईंना फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि परिस्थिती सांगितली.

बाई कडाडल्या. "डोकी आहेत का खोकी? बाई घाटात अडकली म्हणून फायली बुडवणार तुम्ही? काय शिकलात इतकी वर्षं? मास्तर, तुम्हांला तरी अक्कल आहे का? उद्या मी मेले तर? उचला ते कपाट आत्ताच्या आत्ता!"

कुणी हललं नाही. फोनमध्ये एसटी चालू करायची खटपट ऐकू येत होती. बाईंनाही इकडची शांतता ऐकू येत असावी.

"मास्तर," त्या जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, "कोण कोण थांबलंय?"

"सगळे."

"आबा?"

"समोर बसलेत. टोपी घालून."

पलीकडे एसटीची घरघर सुरू झाली, कंडक्टरची घंटा वाजली. मग बाई म्हणाल्या, "बरं. गाडी सुटलीय आता. कुणी हात लावू नका. मी येतेय."